सतरा ते चोवीस

टिपणीसबाईंनी माझ्यादेखत पहिलं पुस्तक फाडलं तेव्हा मला शाळेत लागून जेमतेम तीन महिने झाले होते. फाडलं हा शब्द माझा. त्या म्हणायच्या, "सोडवलं." ब्लेडनं पाठीवरचा गोंद खरवडायचा, सुईच्या टोकानं दोरा उचलायचा, एकेक टाका कापायचा आणि पुस्तकाच्या चार घड्या टेबलावर शेजारी शेजारी मांडायच्या. भाजी निवडायला बसल्यासारख्या त्या शांत होत्या. मुखपृष्ठावर राज्य पुरस्काराचा सोनेरी शिक्का होता, आणि ज्या कपाटातून ते पुस्तक बाहेर आलं होतं त्याची जबाबदारी माझ्यावर होती.

"बाई, हे पुरस्काराचं पुस्तक आहे."

"म्हणून तर. साध्या पुस्तकावर कोण एवढी मेहनत घेईल?"

आमची शाळा पेणहून जोह्याला जाणाऱ्या एसटीच्या रस्त्याला लागून होती. तीन खोल्या, मागं भाताची खाचरं, त्यापलीकडे खाडीचा बांध. सरकारी योजनेतून पुस्तकांची एक पेटी आली होती. बारा पुस्तकं, सगळी बक्षीस मिळालेली, प्रत्येकाची एकच प्रत. सोबत एक परिपत्रक होतं, 'पुरस्कारप्राप्त बालसाहित्याचा अध्यापनात वापर' या विषयावरचं. हेडमास्तरांनी परिपत्रक भिंतीवर लावलं, पुस्तकं काचेच्या कपाटात लावली, आणि शाळेतला सगळ्यात नवा आणि सगळ्यात घाबरट शिक्षक म्हणून किल्ली मला दिली. साहेब तपासणीला आले की पुस्तकं काचेतून नीट दिसली पाहिजेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पोरं मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून बघायची आणि काचेवर डाग पडले की ते पुसायचं कामही माझंच होतं.

टिपणीसबाईंनी ते परिपत्रक उभ्यानं वाचलं आणि माझ्यापुढं हात केला. "किल्ली द्या, मास्तर."

"तपासणी झाली की देतो."

"कोणाची तपासणी? पुस्तकांची की पोरांची?"

मी किल्ली दिली. मी काही शूर नव्हतो, पण बाईंनी हात पुढं केला की तो रिकामा परत घेत नसत, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई मूळच्या रोह्याच्या. एके काळी घरची बरीच जमीन होती म्हणे. बाईंच्या वाट्याला त्यातलं आडनाव आणि ताठ मान एवढंच आलं होतं. आठवडाभर त्या पेणला रामवाडीत एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की रोह्याची एसटी पकडायच्या. सोमवारी येताना पिशवीत मोड आलेले कडवे वाल असायचे. ते वाल त्या वर्गात सोलायच्या. हो, वर्गात. मांडीवर परात, पुढ्यात पोरं, आणि पोरं वाचत असताना बाईंचा अंगठा वालाचं साल काढत असायचा. कोणी चुकीचं वाचलं तर बाई बोलायच्या नाहीत, फक्त अंगठा थांबायचा. अंगठा थांबला की पोरगं आपण होऊन ओळीच्या सुरुवातीला जायचं. हेडमास्तरांनी एकदा हरकत घेतली की वर्ग म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. स्वयंपाकघरात एवढी शांतता नसते." दुसऱ्या दिवशी त्या वालांच्या उसळीतला, बिरड्यातला, मोठा वाटा हेडमास्तरांच्या डब्यात गेला आणि विषय तिथंच मिटला.

त्यांची पद्धत अशी. वर्गात चाळीस पोरं आणि पुस्तक एक. बत्तीस पानांच्या पुस्तकाच्या आठ-आठ पानांच्या चार घड्या व्हायच्या. रंगांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून प्रत्येक घडीला पाठपोट लावायचा आणि सुतळीनं शिवायचं. वर्गाचे चार गट. प्रत्येक गटाला एकच घडी. म्हणजे एका गटाला सुरुवात ठाऊक, दुसऱ्याला शेवट, आणि पूर्ण गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. मग चार दिवस वर्गात जी काही चौकशी चालायची ती पोलिसांनासुद्धा जमली नसती. शेवटवाले म्हणायचे, शेळी सापडली. सुरुवातवाले विचारायचे, पण शेळी तर नदीच्या पलीकडे होती, मग ती आली कशी? बाई वाल सोलत बसायच्या. त्या गोष्टीतूनच त्या नदीची रुंदी मोजायला लावायच्या, नकाशा काढायला लावायच्या, शेळीच्या मालकिणीला पत्र लिहायला लावायच्या. पाठ्यपुस्तक कधी घेणार असं मी विचारलं तर म्हणाल्या, "घेते की. याची चव लागली की ते आपोआप खाली उतरतं."

आणि तो सोनेरी शिक्का? तो त्यांनी गोल कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मागं सेफ्टी पिन लावली. ज्यानं चारही घड्या वाचल्या आणि घरी कोणाला तरी गोष्ट पूर्ण सांगितली, त्याच्या सदऱ्यावर तो आठवडाभर लागायचा. "बक्षीस लिहिणाऱ्याला मिळालं. वाचणाऱ्यालाही मिळायला हवं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

आषाढ लागला की आमचा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. जोह्याची पोरं कारखान्यात जायची. कारखाना म्हणजे गणपतीचा. मूर्ती घासायच्या, पाणी भरायचं, रंगाच्या वाट्या धुवायच्या, हातभार लावणारा प्रत्येक हात लागायचा. बाकीचे शिक्षक हजेरीवर गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचे. बाई शाळा सुटल्यावर जोह्याला चालत जायच्या आणि पोरांच्या हातात घड्या देऊन यायच्या. एकदा मीही गेलो. एका कारखान्यात दहा-बारा बायका मूर्ती घासत बसलेल्या आणि मधोमध पाटावर आमच्या चौथीतली यमुना, शिक्का छातीवर लावून, मोठ्यानं वाचत होती. बायकांचे हात चालू, कान यमुनाकडे. बाईंना बघून तिची आई म्हणाली, "बाय, हिला आमी कामाला बोलावली नि ही आमाला शाळा शिकवते."

"मग शिका गो," बाई म्हणाल्या आणि एक मूर्ती ओढून घासायला बसल्या.

त्याच वर्षी ते घडलं. शेळीच्या पुस्तकाची तिसरी घडी, पानं सतरा ते चोवीस, शाडू भिजवायच्या टाकीत पडली. यमुना रडत शाळेत आली. हातात मातीचा लगदा.

"बाई, पानां गेली. मी अजून वाचलीच नव्हती."

कपाट माझं. बाईंनी लगदा बघितला, टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले आणि दुमडून आठ पानांची घडी करून तिच्या हातात दिली. "पहिल्या दोन घड्या वाचल्यास ना? चौथी वाचलीस? मग मधलं काय झालं असेल ते लिहून आण. चित्रंही काढ."

आठ दिवसांनी यमुनानं घडी आणली. पुस्तकातली गोष्ट घाटावरची, समुद्रापासून लांबची होती. पुरात एका मुलीची शेळी नदीपलीकडे अडकते आणि मुलगी अलीकडे. सोळाव्या पानावर ती काठावर उभी आहे आणि पंचविसाव्या पानावर शेळी तिच्या कुशीत आहे. मधे यमुनानं लिहिलं होतं की मुलगी काठावर बसली, भाकरी खाल्ली, पाण्याकडे बघत राहिली, आणि ओहोटी लागल्यावर चिखलातून फळी टाकत टाकत पलीकडे गेली. चित्रातल्या चिखलाला तिनं खरी शाडू फासली होती.

मी वाचलं आणि हसलो. "बाई, घाटावरच्या नदीला ओहोटी कुठली?"

बाई हसल्या नाहीत. "मास्तर, भरती उतरेपर्यंत तिनं सहा तास त्या मुलीला काठावर बसवलंय. घाबरू दिलं नाही. हे तुम्हाला दिसलं का?" आणि त्यांनी ती घडी पुठ्ठ्यात सुतळीनं शिवून बाकीच्या तीन घड्यांत ठेवून दिली. पुढची दोन वर्षं आमच्या शाळेतल्या प्रत्येक पोरानं ती गोष्ट तशीच वाचली. मूळ पानं ज्या थोड्या पोरांनी वाचली होती ती विसरून गेली; त्यांत काय होतं ते आता फक्त बाईंना माहीत होतं, आणि त्या बोलल्या नाहीत.

मग साहेब आले. जिल्ह्याहून, नुसत्या तपासणीला नाही, तर आदर्श पाठ बघायला. हेडमास्तरांनी कोणत्याशा अहवालात लिहिलं होतं की आमच्याकडची पुरस्कारप्राप्त पुस्तकं उत्तम स्थितीत आहेत. साहेबांना वाटलं, जिथं पुस्तकं एवढी जपली जातात तिथं त्यांचा वापरही तसाच होत असणार. ते शेळीच्या पुस्तकाची नवी कोरी प्रत स्वतः घेऊन आले होते. कपाट उघडायला सांगितलं तर कपाटात बारा पुस्तकांची बारा रिकामी मुखपृष्ठं उभी केलेली, शिक्क्याच्या जागी गोल भोकं असलेली. साहेबांनी एका भोकातून पलीकडे बघितलं. माझ्याकडेच.

"पुस्तकं कुठं आहेत?"

"पोरांकडे," बाई म्हणाल्या. "चला, दाखवते."

वर्गात घड्या निघाल्या. शाडू लागलेल्या, रंगाचे डाग पडलेल्या, कडा मऊ झालेल्या. साहेबांनी एक दोन बोटांत धरली, रुमालाला हात पुसला आणि पाठ सुरू केला. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी गोष्ट थोडक्यात सांगितली आणि विचारलं, "मग सांगा मुलांनो, त्या मुलीनं नदी कशी ओलांडली?"

चाळीस पोरं एका सुरात म्हणाली, "ओहोटीची वाट बघून."

साहेबांनी नव्या प्रतीचं सतरावं पान उघडून मोठ्यानं वाचलं. तिथं एक जीप येत होती. जीपमधून एक दयाळू साहेब उतरत होते, दोरखंड मागवत होते, शेळीला सोडवत होते आणि मुलीला शिक्षणाचं महत्त्व सांगत होते. आठ पानं. मी ती तेव्हा पहिल्यांदाच ऐकली. बाईंच्या मांडीवर परात होती आणि त्यांचा अंगठा थांबलेला होता.

"घाटावरच्या नदीला ओहोटी येते का?" साहेब म्हणाले. "हे कोणी शिकवलं?"

यमुना उठून उभी राहिली. तेव्हा ती सहावीत होती, पण तीन खोल्यांच्या शाळेत बाईंच्याच वर्गात बसायची. "मी लिवलं. पन साहेब, जीप नाय आली तर?"

साहेब उत्तराऐवजी बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही मुलांना चुकीचं शिकवताय. शासनाचं पुस्तक फाडून वर चुकीचं शिकवताय."

बाई परात बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "साहेब, आमच्याकडे साहेब वर्षातून एकदा येतात. ओहोटी दिवसातून दोनदा येते. ज्याची वाट बघायची त्याची सवय पोरांनी कोणती लावून घ्यावी, तुम्हीच सांगा."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. तो हसणारा मी असतो तर आज हे लिहिताना बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं कागदावर झालं. बाईंना नोटीस आली. शासकीय मालमत्तेची नासधूस, अभ्यासक्रमबाह्य मजकूर शिकवणं, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. कपाटाची जबाबदारी माझी म्हणून माझ्याकडूनही जबाब मागितला. लग्न ठरलं होतं, नोकरी कायम व्हायची होती, अशी कारणं माणसाला हवी तेवढी सापडतात. मी लिहिलं, "पुस्तके कपाटातून केव्हा व कशी गेली याची मला कल्पना नाही." खाली वळणदार सही केली.

हेडमास्तरांच्या टेबलावर बाईंनी तो जबाब वाचला. मी खिडकीबाहेर बघत होतो. कागद परत ठेवून त्या म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं, मास्तर." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या कधीच विसरलो असतो.

त्यांचा स्वतःचा जबाब एका पानाचा होता. "होय, बाराही पुस्तके मीच सोडवली. किल्ली मीच घेतली, त्यात दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. पेटीसोबतच्या परिपत्रकात पुस्तकांचा वापर करावा असे लिहिले होते. वापर केला की वस्तू झिजते. पुन्हा पेटी आली तर पुन्हा सोडवीन." आणि मागं जोडलेले चाळीस कागद. प्रत्येक पोरानं आपापल्या अक्षरात लिहिलं होतं की नदीपलीकडे शेळी अडकली तर मी काय करीन. ते कोणी वाचले की नाही, मला माहीत नाही. एकाही पोरानं जीप लिहिली नव्हती.

बदली झाली, रोह्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर, एकशिक्षकी शाळेत. शिक्षा म्हणूनच. बाई म्हणाल्या, "बरं झालं, घर जवळ पडलं. शिवाय तिथं हेडमास्तर मीच." कपाटात नवी प्रत ठेवून जुनं फाटकं पुस्तक रद्दीत काढायचा आदेश होता. ते त्यांनी सगळ्यांसमक्ष पिशवीत टाकलं आणि बाहेर एसटीला हात केला. यमुनानं छातीवरचा शिक्का काढून त्यांच्या पदराला लावला. बाई तसाच मिरवत गाडीत चढल्या. नवी प्रत मी कपाटात ठेवली, कुलूप घातलं, आणि काच पुसली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी दोन शाळा फिरून पुन्हा त्याच शाळेत हेडमास्तर म्हणून आलो. कपाट तिथंच होतं. शेळीच्या पुस्तकाची ती नवी प्रत तशीच कोरी होती, पानं एकमेकांना चिकटलेली. एवढ्या वर्षांत तिला कोणाचा हात लागला नव्हता आणि त्याला कारण मीच होतो. मी ती पिशवीत घातली आणि बाईंचा पत्ता विचारत वरश्याला गेलो.

रोह्याला लागूनच वरसे. नव्या इमारती, खाली गाड्या, कंपनीतून शिफ्ट संपवून येणारी माणसं. तळमजल्यावर बाईंची दोन खोल्यांची जागा. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. ओट्यावर सात-आठ पोरं बसलेली आणि मधे बाई, खूप वाळलेल्या, मांडीवर परात. पोरगं वाचत होतं. अंगठा चालू होता.

मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "या मास्तर. तुमचं अक्षर अजून तसंच आहे का?"

"बाई, त्या जबाबाबद्दल मला..."

"बसा आधी. पोराची ओळ पुरी होऊ दे."

ओळ पुरी झाली. पोरगं जे वाचत होतं ते मी ओळखलं. शेळीच्या पुस्तकातल्या तीन घड्यांचा चोथा झाला होता, कडा उडालेल्या, शब्द गेलेले. तिसरी घडी मात्र शाबूत होती, कारण यमुनानं जाड कागदावर लिहिली होती. तिच्या समासात वेगवेगळ्या अक्षरांत काही काही लिहिलेलं होतं. वाडीवरच्या कोणीतरी लिहिलं होतं, 'आमच्या नदीला ओहोटी नाय. दोन दिवस बसावं लागतं. भाकरी जास्त न्यावी.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'वरच्या अंगाला जाऊन खडकावरून उतरावं.' वरश्याच्या एका पोरानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पूल असेल तर बघावं.'

"यमुना भेटते का?" मी विचारलं.

"गेल्या गणपतीत आली होती. तिचा स्वतःचा कारखाना आहे आता जोह्यात. पंधरा बायका हाताखाली. दुपारी एकीला वाचायला बसवते."

मी पिशवीतून कोरी प्रत काढून त्यांच्यापुढं धरली. "एवढी वर्षं मी ही कपाटात ठेवली, बाई. माझं चुकलं."

त्यांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. मुखपृष्ठावरच्या सोनेरी शिक्क्यावर नख फिरवलं. मग हाक मारून एका पोरीला ब्लेड आणि सुई आणायला सांगितलं. टाका अजून बरोबर सापडत होता. गोंद खरवडला, दोरा उचलला, चार घड्या परातीशेजारी मांडल्या. पोरं जवळ सरकली. तिसरी घडी बाईंनी उचलून बाजूला ठेवली, तिच्या जागी यमुनाची घडी सरकवली आणि सुतळी ओवली. शिवून झाल्यावर पुस्तक त्या पोरीच्या हातात दिलं. "सोळाव्यापासून वाच गो."

मग बाजूला पडलेली ती जीपवाली आठ नवीकोरी पानं त्यांनी नीट जुळवली, घडीवर बोट दाबून फिरवलं आणि माझ्या हातात दिली.

"ही तुमच्या कपाटात ठेवा, मास्तर. कुलूप लावून."

आणि परात पुन्हा मांडीवर घेतली.